बुडालेल्या खोऱ्याचा नकाशा

महोत्सवाच्या समयीं गतकालाचें स्मरण करण्याचा शिरस्ता आहे. तो गतकाल दप्तरांतच असतो असें नाहीं. कधीं तो जीर्ण नकाशांतहि सांपडतो.

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ १८०२ सालीं मद्रासेजवळ झाला. जेथें प्रेषित संत थोमास यांनीं रक्त सांडलें अशी परंपरा आहे, त्या सेंट थॉमस माउंटजवळ विल्यम लॅम्बटन यांनीं सुमारें साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. तेथून त्रिकोणामागून त्रिकोण रचीत मोजणी देशभर गेली. पुढें १९०५ पासून रंगीत नकाशांची नवी मोजणी सुरू झाली. त्यांत पाणी निळें, रान हिरवें व समान उंचीचीं स्थळें जोडणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असत.

पुणें जिल्ह्यांतील मुळशीच्या खोऱ्याचा धरणापूर्वींचा नकाशा पाहावा. मुळा व निळा या नद्या, त्यांचे ओढे, कांठच्या वस्त्या, पायवाटा! आज त्यांतील पुष्कळ भागावर पाणी आहे. तळ्याचा कांठ ही वस्तुतः एक समोच्च रेषाच होय. धरणाची उंची ठरली कीं कोणतें गांव राहील व कोणतें बुडेल, हें नकाशावर बोट फिरवून सांगतां येतें.

मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें हें धरण हातीं घेतलें, तेव्हां ५२ गांवांवर संकट आलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. याच लढ्यांत पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापति' म्हणून ख्यात झाले. स्त्रीपुरुषांनीं तुरुंगवास सोसला. तथापि धरण झालेंच. १९२७ सालीं घाटाखालीं भिरा येथें वीज निर्माण होऊं लागली. शहरांत दिवे लागले, आणि ज्यांच्या जमिनी त्यासाठीं गेल्या त्यांच्या चुली विझल्या.

नकाशा शेत दाखवितो. त्यांत आंबेमोहोर पिके, हें सांगत नाहीं. तो गांवाचें नांव राखतो. तेथून कोण कोठें गेलें, हें त्यास ठाऊक नाहीं. तेवढें माणसांनींच सांगावयाचें असतें.

वाचकहो, आपल्या घरीं गांवाचा जुना नकाशा असेल तर तो रद्दींत घालूं नका. वडीलधाऱ्यांपुढें पसरा, त्यांस बोट ठेवूं द्या, आणि तें सांगतील तें लिहून घ्या. कागद उद्यांहि राहील. सांगणारा राहीलच असें नाहीं.