व्हीजीए : जुन्या पडद्यांची १५ पिनांची जोडणी

शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर ओळखली गेली. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागात नवा संगणक आला म्हणून जुना मॉनिटर वा प्रोजेक्टर भंगारात काढणे परवडणारे नाही. त्यासाठी व्हीजीए जोडणीची ओळख उपयुक्त ठरते.

आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आपल्या 'पीएस/२' संगणकांसोबत ती प्रचारात आणली. लाल, हिरवा व निळा या रंगांचे संकेत बदलत्या विद्युतदाबाच्या रूपाने तीन स्वतंत्र तारांतून जातात. आणखी दोन तारा चित्राची आडवी व उभी जुळणी राखतात. आवाज तिच्यातून जात नाही.

चित्र पिवळसर दिसल्यास निळ्या, तर गुलाबी दिसल्यास हिरव्या संकेताची तार तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी स्क्रू घट्ट करावेत, पिना वाकल्या आहेत का ते पाहावे आणि दुसरी केबल लावून पाहावी. अनेक केबलमध्ये नववी पिन मुळातच नसते. तो दोष नव्हे. केबल फार लांब असल्यास चित्र अंधुक होते.

इंटेल व एएमडी यांनी २०१० मध्येच व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीर केले होते. केवळ एचडीएमआय असलेल्या संगणकास जुना पडदा जोडण्यासाठी 'एचडीएमआय ते व्हीजीए' परिवर्तक घ्यावा. तो सहसा एकाच दिशेने चालतो. त्यामुळे उलट प्रकारचा घेतल्यास पैसे वाया जातात.