माफीनाम्यानंतरचे माधवराव सप्रे

गणेशोत्सव आला की लोकमान्यांचे नाव निघतेच. १८९३ साली पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप मिळाले, 'केसरी'ने लोकांना जागे केले, मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले गेले, हे सारे आपण दरवर्षी मुलांना सांगतो. पण त्याच लोकमान्यांच्या छायेत वाढलेल्या आणि आपल्याच रायपुरात देह ठेवलेल्या एका मराठी माणसाची गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. बूढातालाबाजवळची सप्रे शाळा सर्वांना ठाऊक आहे, तिच्या मैदानावर आपली मुले खेळली आहेत, परंतु सप्रे कोण, असे विचारले तर उत्तर येते, "कोणी जुने संपादक होते." म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. शिक्षण बिलासपूर, रायपूर असे होत होत १८९८ मध्ये ते बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असे. माधवरावांनी तो सोडला आणि पेंड्र्याच्या राजकुमारांचे शिक्षक म्हणून काम पत्करले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. तीन मराठी माणसांनी, छापखान्याचीही वानवा असलेल्या या प्रदेशात, हिंदी मासिक काढावे हे धाडसच होते. आर्थिक ओढाताणीमुळे ते १९०२ अखेर थांबले. पण याच मासिकात १९०१ साली त्यांची 'एक टोकरीभर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतील पहिल्या कथांमध्ये आज ती गणली जाते. एक जमीनदार विधवेची झोपडी बळकावतो. ती त्या जागेतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्याचाच हात मागते. त्याला ती उचलत नाही. एवढ्याशा मातीचे ओझे पेलत नाही, तर सगळ्या झोपडीच्या मातीचे जन्मभर कसे पेलशील, असे म्हातारी विचारते आणि त्याचे डोळे उघडतात.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. १३ एप्रिल १९०७ रोजी माधवरावांनी नागपुरात 'हिंदी केसरी' सुरू केला. टिळकांचे जहाल विचार हिंदी प्रदेशात पोहोचवणे हा त्याचा हेतू. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये माधवरावांनाही राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली पकडण्यात आले. तुरुंगाची त्यांना भीती नव्हती. पण वडीलबंधू बाबुराव व्याकूळ झाले. माफी मागून सुटला नाहीस तर मी जीव देईन, इथपर्यंत त्यांनी टोक गाठले, असे सांगितले जाते. एका बाजूला व्रत, दुसऱ्या बाजूला पित्यासमान भाऊ. माधवरावांनी माफीनाम्यावर सही केली आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये ते सुटले.

वाचकहो, आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते? मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर झटकन देता येत नाही. तत्त्व आपले असते, पण त्याची किंमत पुष्कळदा घरच्यांना मोजावी लागते. बाबुरावांना भित्रे म्हणणे सोपे आहे. भावाच्या मायेने कासावीस झालेला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर जीभ अडखळते. आणि माधवरावांना दोष द्यावा तर तो त्यांनी आपल्याआधी स्वतःलाच दिला होता.

कारण खरी गोष्ट सुटकेनंतर सुरू होते. "नाइलाज होता" असे म्हणून ते पुन्हा व्यासपीठावर चढले नाहीत. सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, वर्ध्याच्या हनुमानगडावर रामदासी पंथाचे श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सहवासात राहिले, मधुकरी मागून जेवले. समर्थांच्या 'दासबोधा'चा त्यांनी हिंदी अनुवाद केला. रायपूरला परतल्यावर मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा काढली.

पुढे तर नियतीने मोठी विलक्षण भेट घडवली. लोकमान्य १९१४ मध्ये मंडालेहून सुटले, १९१५ मध्ये 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हिंदी अनुवादाचे काम झाले माधवरावांच्या हातून. तो १९१६ मध्ये निघाला. सहा वर्षे शिक्षा भोगलेल्या माणसाचा ग्रंथ, माफी मागून सुटलेल्या माणसाने हिंदी जगाला दिला! या ग्रंथाच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात टिळकांनी धर्मसंकटांचा विचार केला आहे. तिथे अर्जुनाबरोबर शेक्सपिअरचा हॅम्लेट आहे आणि कोरिओलेनसही आहे. रोमवर चालून आलेला हा वीर शेवटी आईच्या विनवणीपुढे नमतो. ती पाने हिंदीत उतरवताना माधवरावांच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

त्यांचे मित्र वामनराव लाखे यांची गोष्टही याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. सहकारी चळवळीतील कामामुळे सरकारने त्यांना १९१६ मध्ये 'रायसाहेब' केले. १९२० मध्ये असहकाराची हाक आली आणि त्यांनी ती पदवी परत केली. लोकांनी त्यांना 'लोकप्रिय' म्हटले. आपले लाखेनगर त्यांच्याच नावाचे. मान परत करणे एक वेळ जमते. गेलेला शब्द परत आणणे फार कठीण. माधवरावांच्या वाट्याला हे दुसरे काम आले. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाला त्यामागे त्यांची धडपड होती. १९२१ मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

ज्या कायद्याखाली त्यांना पकडले ती भारतीय दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. प्रश्न मात्र जुना झालेला नाही. आज माफी फार स्वस्त झाली आहे. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे" एवढे म्हटले की काम भागते. चूक कोणती हे सांगावे लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत. मोबाइलवर आलेली खोटी बातमी आपण पुढे ढकलतो, खोटी ठरली की म्हणतो, "मला जशी आली तशी पाठवली." २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी प्रेस कौन्सिलला करावी लागली. ज्या प्रांतात पदरमोड करून मासिक चालवले गेले, तिथल्या आपल्याला याची अधिक टोचणी हवी.

माझ्यापुरते मी माधवरावांकडून एवढेच घेतले आहे: तत्त्व पाळताना माणूस कधी वाकतो, त्यात आश्चर्य नाही, पण वाकल्यावर ते सरळपणाचे नाव देऊन खपवू नये. माफी सरकारच्या कागदावर एका सहीत संपते. स्वतःपुढची माफी कामातून फेडावी लागते, आणि तिला अठरा वर्षेही लागतात. त्या म्हातारीची टोपली माधवरावांनी जन्मभर वाहिली, आणि तिच्यातल्या मातीत शाळा रुजवल्या.

घरातल्या तरुणांना सप्रे शाळेवरून जाताना ही गोष्ट जरूर सांगावी, अशी सर्व पालकांना विनंती. बुद्धीची देवता आपणा सर्वांना सारासार विवेक देवो, हीच श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना.