स्कडर घराण्याचें वतन

इ. स. १८१८ सालीं अमेरिकेंत एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचे लेखक गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल हे दोघे त्या वेळीं मुंबईस मिशनरी होते. जगांतील साठ कोटी अख्रिस्ती लोकांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर कांहीं हक्क पोंचतो, हा त्या पुस्तकाचा प्रतिपाद्य विषय. आज तें कोणी वाचीत नाहीं, व आपल्या लोकांनीं तें प्रेमानें वाचावें असें त्यांत फारसें कांहीं नाहींही. परंतु त्याची एक प्रत न्यूयॉर्कमधील एका रोगिणीच्या घरीं पडली होती. आणि तिला तपासावयास आलेल्या जॉन स्कडर नांवाच्या तरुण डॉक्टरानें बाहेरच्या खोलींत वाट पाहत असतां ती सहज उचलली. डॉक्टराचा धंद्यांत जम बसला होता. घरांत पत्नी होती, लहान मूल होतें. १८१९ च्या जून महिन्यांत तो त्या दोघींस घेऊन बोस्टनच्या बंदरांत जहाजावर चढला. ज्यांच्या पुस्तकानें त्याला घराबाहेर काढलें, त्यांपैकीं न्यूवेल १८२१ सालीं मुंबईस व हॉल १८२६ सालीं नाशिककडे फिरतीवर असतां, दोघेही पटकीनेंच वारले.

मिशनऱ्यांविषयीं आपल्याकडे लिहिलें जातें तें बहुधा दोन तऱ्हांनीं. एक तर धर्मांतरांचा हिशेब मांडावयाचा, नाहीं तर शाळांचा व दवाखान्यांचा. पहिला हिशेब वाचून राग येतो, दुसरा वाचून कृतज्ञता वाटते. पण हीं माणसें ज्या श्रद्धेच्या बळावर आलीं तिची किंमत त्यांच्या घरांत कोणीं भरली, हें दोन्ही वह्यांत सांपडत नाहीं. आणि स्कडरांच्या घराण्यांत तर मला तेंच मुख्य वाटतें.

पहिला हप्ता तत्काळ भरावा लागला. जहाज कलकत्त्यास पोंचलें आणि ती लहान मुलगी तेथेंच गेली. पुढें सिंहलद्वीपांत उतरल्यावर थोड्याच महिन्यांत दुसरें अपत्यही गेलें. तरी जाफनाच्या बाजूस पंडितेरिप्पू येथें या दांपत्यानें बिऱ्हाड थाटलें. अमेरिकेहून परदेशीं गेलेला पहिला वैद्यकीय मिशनरी असें जॉन स्कडरचें नांव इतिहासांत येतें. पण त्याच्या मनांत वैद्यक ही दासी होती व धर्मोपदेश ही स्वामिनी. औषध घ्यावयास आलेल्या माणसानें उपदेश ऐकावा, हा त्याचा सरळ हेतु, आणि तो त्यानें कधीं लपविलाही नाहीं. आपल्या देवदेवतांविषयीं त्याला आदर नव्हता. ही गोष्ट झांकून त्याचें चरित्र लिहिणें म्हणजे त्याला निराळाच माणूस बनविणें होय. १८३६ सालीं तो मद्रासेस आला. हॅरिएट १८४९ सालीं मद्रासेसच वारली. आणि तो स्वतः हवापालटासाठीं दक्षिण आफ्रिकेंत गेला असतां १८५५ च्या जानेवारींत तिकडेच संपला.

यानंतरची हकीकत आपल्याकडील वतनाच्या रीतीची आहे. कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णपण करावयाचा, तसे स्कडरचे सात मुलगे एकामागून एक हिंदुस्थानांत मिशनरी झाले. वडील मुलगा हेन्री मार्टिन यानें अर्काटचें मिशन उभें केलें, सायलसनें राणीपेठेस १८६६ सालीं इस्पितळ काढलें, आणि बापाचेंच नांव धारण करणारा धाकटा जॉनही डॉक्टर होऊन त्याच मुलुखांत आला. या धाकट्याची मुलगी आयडा १८७० सालीं राणीपेठेस जन्मली.

वतनाचें उत्पन्न सर्वांस दिसतें, त्यावरील बोजा घरच्यांसच ठाऊक. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत सहा-सात वर्षांची आयडा भुकेलेल्या पोरांच्या हातांत पावाचे तुकडे देत असे. तीं पोरें तिच्या डोळ्यांसमोरून कधीं हललीं नाहींत. पुढें कुटुंब अमेरिकेस गेलें, वडील आधीं परत आले, आणि कांहीं काळानें आईही त्यांच्याकडे निघाली. चौदा वर्षांच्या वयाची आयडा चिकागोस चुलत्याच्या घरीं राहिली. आई निघून गेली त्या रात्रीं ती आईच्याच उशींत तोंड खुपसून रडली, असें सांगतात. ईश्वराच्या कार्यासाठीं आई दूर जाते, हें त्या वयाच्या मुलीस कोणत्या भाषेंत समजावून सांगावें? मिशनरी व्हावयाचें नाहीं असा तिनें निश्चय केला, आणि मला तो निश्चय अत्यंत स्वाभाविक वाटतो.

शिक्षण संपवून १८९० सालीं ती हिंदुस्थानांत आली तीही आजारी आईच्या शुश्रूषेसाठीं, परत जाण्याच्या बोलीवर. वडील तेव्हां तिंडिवनम् येथें होते. तेथील एका रात्रीची गोष्ट ती जन्मभर सांगत असे. एक ब्राह्मण तरुण आला: बायको बाळंतपणांत अडली आहे, बाईसाहेबांनीं यावें. आयडा म्हणाली, मला वैद्यक येत नाहीं, वडील येतील. परपुरुष घरांत घेण्यापेक्षां ती मेलेली बरी, असें सांगून तो गेला. मग एक मुसलमान गृहस्थ आला, त्यानंतर आणखी एक हिंदु. मागणें तेंच, नकारही तोच. सकाळीं प्रेतयात्रेचीं वाद्यें ऐकूं आलीं. तिघी बायका मेल्या होत्या. वारंवार सांगितलेली गोष्ट नदींतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते, हें इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. परंतु त्यानंतर आयडानें काय केलें याची तारीखवार नोंद आहे.

ते तीन नवरे निर्दय नव्हते. निर्दय माणूस रात्रीं परक्या धर्माच्या दाराशीं मदत मागावयास येत नाहीं. पण एका उंबरठ्यापलीकडे त्यांचें पाऊल पडेना. आणि महाराष्ट्रांत तरी त्या काळीं निराळें काय चाललें होतें? आनंदीबाई जोशी यांचें चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांतच गेलें. स्त्रियांना स्त्रीवैद्य हवेत हें त्यांनीं १८८३ सालीं श्रीरामपूरच्या भाषणांत बजावलें, व हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच येईन असें सांगून त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांतून १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयांत १८९५ सालीं आयडा स्कडर दाखल झाली. एकीनें आपला धर्म सोडण्याचें नाकारलें होतें, दुसरीनें नाकारलेलें घराण्याचें वतन पुन्हां पत्करलें होतें. आनंदीबाईंना काम करावयास आयुष्यच उरलें नाहीं. १८८७ च्या फेब्रुवारींत त्या पुण्यास वारल्या.

आयडानें शेवटचें वर्ष कॉर्नेल येथें काढून १८९९ सालीं पदवी मिळविली, आणि न्यूयॉर्कच्या एका पेढीवाल्यानें आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेले १०,००० डॉलर घेऊन १९०० च्या आरंभीं ती वेलोरला पोंचली. मे महिन्यांत वडील वारले. लोकांचा विश्वास होता तो त्यांच्यावर. या मुलीकडे प्रथम कोणी फिरकेना. बंगल्यांतल्या दहा फूट बारा फूट खोलींत तिनें दवाखाना मांडला, व दोन वर्षांत सुमारें ५,००० रोगी तपासले. १९०२ सालीं चाळीस खाटांचें इस्पितळ उघडलें. आठवड्यांतून एक दिवस ती गुडियात्तमच्या रस्त्यानें निघे व ठरलेल्या झाडांखालीं थांबून औषध देई. १९०९ नंतर मोटार आली तेव्हां प्रथम खेडुत घाबरून पळाले. प्रार्थना तिनें सोडली नाहीं, ख्रिस्ताचें नांव घेण्यास ती लाजली नाहीं. पण आजोबांची दासी या नातीच्या हातीं स्वामिनी झाली होती. रोगी बरा होणें हीच तिची उपासना.

एकटीच्या हातांनीं हें काम उरकणारें नाहीं, हें तिला लवकरच कळलें. १९१८ सालीं तिनें मुलींसाठीं वैद्यकाची शाळा काढली. अर्ज फार थोडे येतील असा अधिकाऱ्यांचा होरा. पहिल्याच वर्गांत सतरा मुली बसल्या. १९२२ सालीं त्यांतल्या चौदा जणींनीं इलाख्याची परीक्षा दिली व चौदाही उत्तीर्ण झाल्या. त्या वर्षीं पुरुषांच्या शाळांचा निकाल पाहून कोणास आनंद झाला नसावा!

शाळेपुढचें मोठें संकट मात्र तिच्या साठीनंतर आलें. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें ठरविलें कीं, नव्या डॉक्टरांस विद्यापीठाचीच पदवी पाहिजे. शाळेचें महाविद्यालय करण्यास लागणारा पैसा एकट्या स्त्रियांच्या मंडळांकडून जमेना. मुलगे घेतले तर इतर मिशनें हातभार लावणार होतीं. वर्षानुवर्षें वर्गणी पाठविणाऱ्या अमेरिकन मैत्रिणींस ही फितुरी वाटली, व कांहींनीं तसें तोंडावर म्हटलेंही. परपुरुष नको म्हणून तीन बायका मेल्या, आणि त्यांच्यासाठीं काढलेल्या संस्थेचें दार पुरुषांस उघडावयाचें! आयडानें पुष्कळ काळ घोळून अखेर संमति दिली. १९४७ सालीं वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत पहिले मुलगे आले. ती स्वतः १९६० च्या मे महिन्यांत, एकोणनव्वदाव्या वर्षीं, कोडाईकनाल येथें वारली. तोंवर तिची पुतणी वेलोरच्याच इस्पितळांत डॉक्टर म्हणून काम करूं लागून बरींच वर्षें झालीं होतीं.