बुधवार कोणाचा? सायकल, मोकळा दिवस आणि वऱ्हाडचे रस्ते

शेगावहून उत्तरेकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर वरवट बकाल लागते. वाटेत खिरोड्याजवळ पूर्णा ओलांडावी लागते. दोन्ही हातांना कपाशी आणि तूर, समोर सातपुड्याची निळसर रेघ, आणि चढ जवळजवळ नाहीच. गटाने सायकल चालवणाऱ्यांना असाच रस्ता हवा असतो. शहरांतले सायकल क्लब हल्ली रविवारच्या लांब फेरीशिवाय आठवड्याच्या मध्यावर, बहुधा बुधवारी, पहाटेची एक फेरी गावाबाहेर काढतात. रविवारचे कारण कोणालाही समजेल. पण हा बुधवार आला कुठून? मित्रहो, आजचा धागा त्या बुधवाराचा आहे. आणि तो उलगडत गेला की क्लबाच्या पुष्कळ पलीकडे पोहोचतो.

आधी रविवार निकालात काढू. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे भारताला रविवारची सुट्टी मिळाली, हा मजकूर दरवर्षी फिरतो. तो खरा आहे, पण अर्धाच. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. नव्हता तो मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला सरकारी शिक्का मिळाला. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी संपत होता. दुकानात गुमास्ता म्हणून राबणारा पोरगा आणि शेतात निंदण करणारी बाई यांच्यासाठी त्यात एक ओळही नव्हती.

दुकानातल्या त्या पोराची गोष्ट इंग्लंडात निराळ्या वाटेने सुटली. तिथल्या कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुटका होती, पण दुकानदाराचा खरा धंदा शनिवारीच. त्यामुळे दुकानातले नोकर या अर्ध्या सुट्टीला मुकत. १९११ च्या शॉप्स ॲक्टने त्यावर तोड काढली. आठवड्यातल्या एका कामाच्या दिवशी दुपारी एक वाजता दुकान बंद करायचे. तो दिवस कोणता, हे स्थानिक संस्थेने ठरवायचे. बहुतेक गावांनी बुधवार किंवा गुरुवार निवडला. दुपारी दीड वाजता मोकळे झालेले हे तरुण करणार काय? फुटबॉलचे बुधवारचे संघ निघाले, आणि सायकलींच्या बुधवारच्या फेऱ्याही. आठवड्याच्या मध्यावर सायकलींचा थवा खेड्यांकडे निघाला, की तो बहुधा कापडदुकानातल्या आणि किराणा दुकानातल्या नोकरांचा असे.

त्याआधीचे क्लब मात्र उमरावी थाटाचे होते. १८७८ मध्ये बायसिकल टूरिंग क्लब निघाला, तेव्हा सायकल म्हणजे पुढे प्रचंड चाक आणि मागे इवलेसे चाक. फेरीला कॅप्टन असे, गणवेश असे, आणि चढ-उतार आला की बिगुलवाला खूण देई. १८८५ ची दोन सारख्या चाकांची रोव्हर आणि १८८८ चा डनलपचा हवा भरलेला टायर यांनी हा थाट मोडला. सायकल स्वस्त झाली आणि खालच्या वर्गापर्यंत उतरली. एक गोष्ट मात्र या जुन्या क्लबांच्या नावावर जमा केलीच पाहिजे. खडबडीत रस्त्यांना कंटाळून इंग्लंडातल्या सायकलस्वारांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारण्यासाठी संघटना काढली. मोटार अजून रस्त्यावर यायची होती. चांगला रस्ता मागणारा पहिला संघटित प्रवासी मोटारवाला नव्हता, सायकलवाला होता.

वऱ्हाडात हा क्रम उलटा आहे. इथे रस्त्याची मागणी केली कापसाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साहेबाची नजर पूर्णेच्या खोऱ्यावर पडली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जेमतेम तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी! खामगावचा कापसाचा बाजारच तसा होता. मग त्या बाजाराकडे जाणाऱ्या सडका झाल्या. गाठींनी लादलेली बंडी जिथे जाईल तिथे मुरूम पडला. जिथून कापूस निघत नव्हता किंवा निघाला तरी थोडा, ती गावे चिखलात राहिली.

हा चिखल साधा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ओली झाली की पायाला शेरभर चिकटते. सायकलीचे हाल तर विचारू नका. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासत जाते, चाक फिरेनासे होते, आणि ज्या वाहनावर बसून जायचे तेच खांद्यावर घेऊन चालावे लागते. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. या मुलखात सायकल फिरायची तर आधी पक्का रस्ता हवा होता, आणि त्या रस्त्याच्या दोन महत्त्वाच्या खुणा मराठी मुलखाशी जोडलेल्या आहेत. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरच्या जादा करातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. त्यातले एक उद्दिष्ट ध्यानात ठेवण्याजोगे आहे: शेतीने भरलेल्या प्रदेशातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे. पाच मैल म्हणजे पायी दोन तास. सायकलीवर पाऊण तास.

आता वऱ्हाडचा आठवडा पाहा. शेतमजुराला रविवार नव्हता. होता तो बाजाराचा दिवस. गावोगावी हा दिवस निराळा. कुठे सोमवार, कुठे बुधवार, कुठे शुक्रवार. त्या दिवशी आठवड्याचा चुकारा होई, शेतातले काम थांबे, आणि माणसे तेलमीठ, मिरची, बांगड्या घ्यायला बाजाराच्या गावी निघत. कायद्याने दिलेल्या सुट्टीपेक्षा ही सुट्टी कितीतरी जुनी आहे, आणि माझ्या मते आपल्या इतिहासलेखनाने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही. वरवट बकाल या नावातला ‘बकाल’ हा शब्दच पाहा. मूळ अरबी, जुन्या मराठीत तो वाणी-उदम्यांसाठी येतो.

बाजाराच्या या वाटांवर आधी बंडी आणि दमणी धावत. सायकल आली ती प्रथम वकील, डॉक्टर, मास्तर यांच्या दारी, आणि तीही विलायती: रॅले, हंबर, हर्क्युलिस. स्वातंत्र्याच्या आगेमागे चित्र पालटले. मुंबईत हिंद सायकल्स, १९४९ मध्ये मद्रासेत टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो असे कारखाने उभे राहिले. मग ती काळी, उंच दांडीची, भक्कम कॅरिअरची सायकल खेड्यांत शिरली. कापडवाल्याने कॅरिअरवर गठ्ठा बांधला, दूधवाल्याने दोन्ही बाजूंना कॅन लटकवले, कटलरीवाल्याने पेटी चढवली. एका गावचा बाजार उठवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाणारे हे लोक पहाटे एकमेकांना हाक मारून सोबतीने निघत, कारण एकट्याचे चाक पंक्चर झाले तर पंप आणि सोल्यूशन सोबत्याकडे असे. आठवड्याच्या मध्यावरची, गटाने, रानातून जाणारी फेरी म्हणजे दुसरे काय? फक्त तिला कोणी क्लब म्हटले नाही.

सायकलीची दखल घेतली ती सरकारने, करासाठी. नगरपालिका सायकलीला बिल्ला लावत. ग्रामपंचायतींनाही १९५८ च्या कायद्याने सायकलीवर कर बसवता आला. रात्री दिवा नसला की दंड, दोघे बसले की दंड. आणि एक हिशेब कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही तीन नावे एके काळी लग्नाच्या बोलणीत सर्रास येत. सायकल मुलीच्या बापाच्या पैशाने यायची, आणि ती मुलगी त्या सायकलीवर बसली तर कॅरिअरवरच बसायची.

हँडल तिच्या हाती यायला बराच काळ गेला. २००६ मध्ये बिहारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढलेले दिसले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा फरक ठळक होता. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. एकीला सायकल दिल्याने जे झाले नसते ते गावातल्या सगळ्या मुलींना एकाच वेळी दिल्याने झाले. मुली थव्याने जाऊ लागल्या, त्यामुळे वाटेवरची भीती कमी झाली आणि बघणाऱ्यांच्या नजरेलाही सवय झाली. इंग्लंडातल्या बिगुलवाल्या कॅप्टनाला गट हौसेसाठी हवा होता. इथे गट हीच सुरक्षितता होती.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले तालुकेही आहेत. अट अशी की शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असावी. नागपूरच्या आराखड्यातले पाच मैल इथे पाच किलोमीटर झाले, आणि सडक ज्या कापसासाठी झाली होती त्याच्या कडेकडेने आता दप्तरे जाऊ लागली.

म्हणून वऱ्हाडातली बुधवारची खरी फेरी पाहायची असेल, तर पहाटेच्या हेल्मेटवाल्यांना जाऊ द्या आणि तासभर तिथेच थांबा. एखाद्या पांदणीतून आधी दोघी येतात, फाट्यावर पाय टेकून उभ्या राहतात, पलीकडच्या वस्तीवरून आणखी तिघी येईपर्यंत घंट्या वाजवत बसतात. आषाढ असेल तर कोणीतरी मडगार्डमध्ये काडी घालून काळी माती उकरत असते, आणि बाकीच्या तिच्यासाठी थांबलेल्या असतात.