आल्प्सला जाताना आदर्की लागते

हल्ली सांगली-साताऱ्याकडच्या घरांतूनही आल्प्स पर्वताच्या सहली आखल्या जातात. मुलगा नाहीतर जावई तिकडे कुठेतरी नोकरीस असतो, आईवडिलांना एकदा आणून सगळे दाखवावे असे त्याच्या मनात असते, आणि मग दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी स्वित्झर्लंडचा नकाशा उलगडला जातो. आमच्या आळीतले एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी असा नकाशा माझ्यापुढे पसरला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतिहास शिकवता. कूरपासून तिरानोपर्यंत आगगाडीने जायचे ठरवले आहे. वाटेत काय काय लागते तेवढे नीट सांगा."

मीही मोठ्या हौसेने सांगत गेलो. कूरहून निघालेली गाडी लांडवासर नदीवरचा पासष्ट मीटर उंचीचा दगडी पूल ओलांडते आणि पूल संपतो न संपतो तोच समोरच्या कड्यातल्या बोगद्यात शिरते. पुढे अल्बुलाचा घाट. तिथे बेर्ग्यून आणि प्रेडा ही दोन स्थानके एकमेकांपासून फारशी दूर नाहीत, पण दोहोंच्या उंचीत चारशे मीटरांवर अंतर आहे. तेवढे चढण्यासाठी गाडी डोंगराच्या पोटात आणि पाठीवर वेटोळी घेत दुपटीहून अधिक वाट चालते. त्यानंतर बर्निनाची खिंड, उंची २२५३ मीटर. शंभर मीटरांस सात मीटर असा चढ, आणि तोही दातेरी रुळाच्या आधाराशिवाय. अल्बुलाचा मार्ग १९०३-०४ साली पुरा झाला, बर्निनाचा १९१० साली, आणि २००८ साली दोन्ही मिळून जागतिक वारशाच्या यादीत गेले. मोठमोठ्या काचांच्या खास गाडीत जागा आधी राखून ठेवावी लागते, हे त्या गृहस्थांना ठाऊक होते. साध्या गाड्याही त्याच रुळांवरून जातात, हे मात्र ठाऊक नव्हते.

"आणि रुळांत अंतर किती?" मी विचारले.

त्यांना प्रश्नाचा रोख कळला नाही. अंतर बरोबर एक मीटर. म्हणजे आपल्या पुणे-मिरज मार्गावर १९७१ पर्यंत जे होते, तेच.

तिथून माझे बोलणे आल्प्सवरून घसरले आणि सालप्याच्या घाटात येऊन थांबले. त्या दिवशी जे सांगितले ते पुरे सांगून झाले नाही, म्हणून येथे लिहितो.

डोंगरावर आगगाडी नेण्यातली अडचण अगदी साधी आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. बैलगाडी ज्या चढावर रेटून नेता येते, त्या चढावर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत राहतात. यावर माणसाने मुख्यतः तीन तोडगे काढले. एक, रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकवायचे; रिगीच्या डोंगरावर १८७१ साली हे झाले, आणि आपल्याकडे निलगिरीला अजून आहे. दुसरा, डोंगराला आडवे जाऊन थांबायचे, इंजिन मागच्या टोकाला जोडायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. खंडाळ्याच्या घाटात असे उलटे फिरण्याचे स्थानक १९२९ च्या सुमारास विजेची गाडी येईपर्यंत होते. तिसरा तोडगा म्हणजे वाट मुद्दाम लांब करायची. नागमोडी वळणे घ्यायची, गाव समोर दिसत असून त्याला वळसा घालायचा. अल्बुलाला हेच केले आणि आदर्कीलाही हेच केले.

आल्प्सची गोष्ट ऐकताना आपल्या लोकांचा असा समज असतो, की डोंगरातली आगगाडी ही युरोपातून शिकून पुष्कळ उशिरा इकडे आलेली विद्या. सनावळी पाहिली की हा समज टिकत नाही. ऑस्ट्रियातल्या झेमरिंग घाटातून गाडी गेली ती १८५४ साली. आपला भोरघाट पुरा झाला १८६३ साली. ब्रेनरची खिंड १८६७ ची आणि गोट्‌हार्डचा प्रख्यात बोगदा १८८२ चा! गोट्‌हार्डमधून पहिली गाडी धावली तेव्हा खंडाळ्याची गाडी चढता-उतरता एकोणीस वर्षांची झाली होती. पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, सदतिसास एक असे चढाचे प्रमाण, पंचवीस बोगदे. हे काम सुरुंगाची दारू, पहारी आणि डोक्यावरच्या पाट्या यांच्या बळावर झाले.

या दोन घाटांच्या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, इतक्या त्या सारख्या आहेत. भोरघाटाचे कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज १८५९ साली मुंबईस उतरला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन जाणत्या अभियंत्यांच्या हाती काम सोपवून ते तिने तडीस नेले. वीस वर्षांनी गोट्‌हार्डचा कंत्राटदार लुई फाव्हर बोगद्यातच कोसळला आणि मरण पावला. पुढे १८८० साली दोन्ही बाजूंचे खोदकाम भिडले, तेव्हा पलीकडे पहिल्याने धाडले ते त्याचे चित्र. भोरघाटात १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर उठले आणि दंगल झाली. गोट्‌हार्डला १८७५ साली इटालियन मजुरांनी संप केला, तेव्हा बंदुका चालल्या आणि चार माणसे ठार झाली. बोगद्यातल्या अपघातांत तिथे सुमारे दोनशे जण गेले. भोरघाटात ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे राबत होती आणि पटकी झोपड्यांतून फिरत होती. गोट्‌हार्डच्या दक्षिण तोंडाशी ऐरोलो गाव आहे. तेथे व्हेला या शिल्पकाराने घडवलेले एक उठावाचे शिल्प लावले आहे: मेलेल्या मजुराला त्याचे सोबती वाहून नेत आहेत. खंडाळ्यात असे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही. आल्प्सला जाणाऱ्यांनी ऐरोलोला जरूर उतरावे, एवढे मी त्या गृहस्थांना सांगितले.

आता आपला घाट. १८७६ ते १८७८ या सालांतला दुष्काळ आमच्याकडे अजून 'मोठा दुष्काळ' म्हणूनच बोलण्यात येतो. धान्य देशात होते, पण ते भुकेल्या गावापर्यंत नेण्याचे साधन नव्हते. बैलाने धान्य वाहावे तर वाटेत बैलाला चारा नाही. नंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली आगगाडीचे मार्ग वाढवण्यावर भर दिला, आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. पुणे-मिरज-लोंढा हा मार्ग तिच्या हाती आला आणि १८९० पर्यंत पुरा झाला. पैसा बेताचा, म्हणून रूळ मीटरचे. अरुंद रुळांना तीव्र वळणे साधतात, बोगदे लहान पुरतात, पूल हलके चालतात. स्विस लोकांनीही कंजूषपणाच्या याच हिशोबाने मीटर निवडला. त्यांचा कंजूषपणा आज सौंदर्य म्हणून विकला जातो, ही गोष्ट वेगळी!

पुण्याहून निघालेल्या या गाडीला दोन घाट लागतात. पहिला शिंदवण्याचा, तो चढून गाडी जेजुरीच्या पठारावर येते. मग वाल्हे, नीरा. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा. लोणंदनंतर महादेवाची डोंगररांग आडवी येते, आणि सालपे ते आदर्की या टापूत गाडी तिला वळसे घालत, बोगद्यांतून डोके काढत वर येते. पुढे वाठार. माझी आजी कोरेगावकडची. मिरजेच्या गाडीने पुण्यास जाताना शिदोरी आदर्कीला सोडायची नाही, हा तिच्या माहेरचा नियम होता. बोगद्यात कोळशाचा धूर डब्यात शिरे आणि दशम्यांवर काजळी बसे. बोगदे संपून गाडी लोणंदच्या माळावर उतरली, की मग फडके सोडायचे.

वाठार हे एके काळी फार मानाचे स्थानक होते. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक, संस्थानिक आणि मुंबईचे शेठसावकार येथे उतरत आणि टांग्यांनी वाई-पाचगणीवरून सुमारे चाळीस मैलांची मजल मारत. साताऱ्याला मात्र गाडीने हुलकावणी दिली. छत्रपतींची राजधानी, पण स्थानक दहा मैलांवर, आणि त्याचे नाव 'सातारा रोड'. यावरून साताऱ्याच्या कट्ट्यांवर पुष्कळ टोमणे झाले असतील. पण नकाशा पाहावा. वाठारपासून मिरजेपर्यंत हा मार्ग कृष्णेच्या पूर्व तीरावरूनच चालतो. एकदाही कृष्णा ओलांडत नाही. कृष्णेवर पूल बांधणे म्हणजे पैशाची थैली नदीत ओतणे. ते टाळले, म्हणून सातारा दूर राहिला आणि कराडचे स्थानकही गावाच्या पलतीरावर, ओगलेवाडीच्या बाजूला पडले.

मात्र जिथे गाव नव्हते तिथे रुळांमुळे गावे उभी राहिली. ओगल्यांचा काचेचा कारखाना १९१६ साली कराड स्थानकाजवळ निघाला, आणि त्यांचे प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांच्या ओसरीवर टांगले गेले. त्याआधी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कुंडल रोड स्थानकाशेजारी येऊन बसले होते. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. ओतकामाचे लोखंड आणि कोळसा आणायचा कसा, नांगर पाठवायचे कसे, या प्रश्नांना उत्तर एकच होते: दारातून जाणारी गाडी. दुष्काळात धान्य आणण्यासाठी टाकलेल्या रुळांवरून नांगर बाहेर जाऊ लागले, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती. आणखी एक असायला हवी होती. १९४३ साली शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची गाडी अडवून खजिना काढून घेतला. इंग्रजांचा कारभार ज्या रुळांवरून चाले, त्याच रुळांवर तो अडला.

१९७१ साली पुणे-मिरज मार्ग रुंद झाला. जुनी वळणे ठिकठिकाणी बदलली, सातारा स्थानक माहुलीजवळ आले, आणि आजवर मिरजेहून निघणाऱ्या छोट्या फाट्यावर असलेली सांगली मुख्य मार्गावर बसली. स्विस लोकांनी आपला मीटर राखला आणि आम्ही उखडला, म्हणून हळहळणारे काही जण मला भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. पुण्याला आणि मिरजेला पोत्यांच्या राशी एका डब्यातून दुसऱ्यात भरणाऱ्या हमालाच्या पाठीने याचा निवाडा करावा. मिरजेत तर तीन रुंदीचे रूळ नांदून गेले. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पंढरपुरावरून मिरजेला आली होती. कवठेमहांकाळ, ढालगाव करीत रमतगमत जाणाऱ्या त्या गाडीत वारकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून मी लहानपणी बसलो आहे. तीही या शतकात रुंद झाली. प्रवास लवकर होतो. गर्दी तेवढीच आहे.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर हळहळ वाटते. महालक्ष्मीने रात्री निघावे आणि सकाळी मुंबईस उतरावे, अशी आपली सवय. आदर्कीचा घाट आपण पन्नास वर्षे झोपेत ओलांडतो आहोत. आल्प्सच्या सहलीला दिवस, खिडकी आणि ऋतू पाहून जागा घेतो. येथे अंथरूण पसरायला जागा मिळाली की झाले. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात कोयना एक्सप्रेस धरावी, किंवा वेळ असेल तर दिवसाची साधी सवारी गाडी. सवारी गाडी बरी. ती लहान स्थानकांवर थांबते. डोंगर अजून हिरवट असतात, ओढ्यांना पाणी असते, हवा स्वच्छ असते. वाठार गेले की पुस्तक मिटावे आणि दारापासून दूर, पण खिडकीशी बसावे. लहान मुलांना बोगदे मोजायला लावावेत. विजेच्या गाडीत धूर नाही, तेव्हा शिदोरी कुठेही सोडायला हरकत नाही.

कूर-तिरानो मार्गाची एक ख्याती सांगतात. त्या गाडीत बसलेला माणूस एका दिवसात तीन नद्यांच्या पाण्यांवरून जातो. अल्बुलापर्यंतचे पाणी ऱ्हाईनला, पुढचे डॅन्यूबला, आणि बर्निनाच्या पलीकडचे पो नदीला. एकदा वेगळे झालेले हे पाणी पुन्हा एकमेकांना भेटत नाही; तीन निरनिराळ्या समुद्रांना जाते. आदर्कीलाही पाणी असेच फुटते. वाठारच्या बाजूला पडलेला पाऊस वसना नदीतून कृष्णेला मिळतो, कराड-सांगलीवरून वाहत येतो, आणि मिरज सोडून कोल्हापूरची गाडी कृष्णेचा पूल ओलांडते तेव्हा तिच्या खालून जातो. डब्यातल्या बायका खिडकीतून नाणे टाकतात ते त्याच पाण्यात. लोणंदच्या बाजूचा पाऊस नीरेत उतरतो, नरसिंगपूरला भीमेत शिरतो, पंढरपूरच्या वाळवंटाला चंद्रकोरीसारखा वळसा घालतो, आणि रायचूरजवळ कृष्णेला येऊन मिळतो.