किनारी रडारजाळे (खंबायतचे आखात)

किनाऱ्यावरून सोडलेल्या रेडिओलहरींच्या साहाय्याने समुद्रपृष्ठावरील प्रवाहांची दिशा व वेग दुरून मोजणारी यंत्रणा. नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि प्रकाशा येथून वाहणारी तापी आणि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील नर्मदा या दोन्ही नद्या ज्या खंबायतच्या आखातात मिळतात, त्याच्या मुखाशी अशी एक रडारजोडी उभारण्यात आली आहे. तिचे एक केंद्र सौराष्ट्राच्या बाजूस जेगरी येथे, तर दुसरे नवसारीजवळ वांसी-बोरसी येथे आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००८ नंतर देशभर उभारलेल्या पहिल्या पाच जोड्यांपैकी ही एक होय. त्या पाचांत महाराष्ट्राचा किनारा नव्हता, ही उणीव ठळक आहे.

सुमारे ४.४ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरीची लांबी ६८ मीटर असते आणि तिच्या निम्म्या, म्हणजे ३४ मीटर लांबीच्या सागरी लाटांवरून परतणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिळून प्रबळ होतात. अशा लाटेचा स्थिर पाण्यातील वेग गणिताने काढता येत असल्याने, परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत त्याहून जो अधिक-उणा फरक आढळतो, तो लाटेला वाहून नेणाऱ्या प्रवाहाचा असतो. मात्र एका केंद्राला प्रवाहाचा केवळ आपल्याकडे येणारा वा आपल्यापासून दूर जाणारा घटक कळतो. पूर्ण वेग काढण्यासाठी दोन केंद्रांच्या नोंदी जोडाव्या लागतात.

खंबायतच्या आखातात हीच अट जाचक ठरते. येथे भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी दहा मीटरांहून अधिक असून उधाणाचे पाणी प्रामुख्याने दक्षिणोत्तर धावते, तर केंद्रे समोरासमोरच्या किनाऱ्यांवर आहेत. त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या रेषेवर दोघांच्याही दृष्टीने हा प्रवाह आडवा जातो आणि त्याचा वेग नेमका तेथेच ठरवता येत नाही. शिवाय लाटेच्या वेगाचे नेहमीचे सूत्र तिच्या लांबीच्या निम्म्याहून खोल पाण्यासाठीचे असल्याने, १७ मीटरांपेक्षा उथळ भागात ते सुधारून घ्यावे लागते.

रडारच्या लहरी खाऱ्या, म्हणजे विद्युत्‌वाहक, पाण्यावरून दूर पोहोचतात. पावसाळ्यात तापी-नर्मदेच्या पुराचे गोडे पाणी मुखाशी पसरले की तेवढ्या भागात ही वाहकता घटते आणि लहरी लवकर क्षीण होतात. म्हणून नद्यांचे पाणी समुद्रात कोठवर जाते हे पाहण्याची निकड सर्वाधिक असते, त्याच दिवसांत तेथील नोंदी विशेष काळजीने तपासाव्या लागतात.