नाशिकची वाइन : एका वेलीच्या दोन छाटण्या

भारतातून आई-बाबा आले की बे एरियातल्या मराठी घरांचे कार्यक्रम ठरलेलेच असतात. गोल्डन गेट, लिव्हरमोरचे देऊळ आणि एक दिवस नापा व्हॅली! माझे सासरे नापाला आले ते नेमके जानेवारीत. मळ्यात एक पान नव्हते, नुसती काळी खोडे. बाबा मूळचे निफाडचे, घरी द्राक्षबाग. ते थक्क होऊन म्हणाले, "अगं, आपल्याकडे आत्ता घड लगडलेत आणि इथे वेली झोपल्यात!"

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. वाइन हा गोऱ्या लोकांचा विषय अशी आपली समजूत असते. पण नाशिकच्या वाइनची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या कात्रीपासून सुरू होते, हे मला त्यानंतर उमगले.

दख्खनला द्राक्षे नवी नाहीत. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता दौलताबादला, म्हणजे आपल्या यादवांच्या देवगिरीला आला. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षात एकदाच फळते. आपल्याकडे तिला झोप अशी नाहीच. मोकळी सोडली तर ती भर पावसाळ्यातही घड धरते. पण त्या फळात गोडी भरत नाही, आणि भुरी-केवड्यासारखे रोग बाग खाऊन टाकतात.

आपल्या बागाइतदारांनी यावर उपाय काढला तो दोन छाटण्यांचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तीतून नव्या काड्या येतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळाभर बाग नुसती पानांवर ठेवायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, गोडी छाटणी करायची. मग थंडीत मणी फुगतात आणि जानेवारी ते मार्च काढणी. म्हणजे इब्न बतूताने पाहिलेल्या दोन बहारांपैकी एक शेतकऱ्याने आपल्या हाताने सोडून दिला, दुसरा गोड व्हावा म्हणून!

आपल्या खायच्या द्राक्षांतले थॉम्पसन सीडलेस तर नावाने चक्क कॅलिफोर्नियाचे आहे. मूळच्या पश्चिम आशियातल्या या बिनबियांच्या द्राक्षाची लागवड विल्यम थॉम्पसन यांनी 1870च्या दशकात इथल्या सटर काउंटीत केली आणि त्यांचे नाव त्याला चिकटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते महाराष्ट्रात रुजले. आपल्या शेतकऱ्यांनी त्यातूनच निवड करून तासगावचे नाव मिरवणारे 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे 'सोनाका' असे वाण तयार केले.

वाइनचे द्राक्ष मात्र वेगळे. लहान मणी, जाड साल, आत बिया. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली. 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशातही गेली. त्यानंतरचे नाव राजीव सामंत यांचे. स्टॅनफर्डला शिकलेला आणि ओरॅकलमध्ये काम केलेला हा तरुण 1990च्या दशकात नोकरी सोडून नाशिकच्या घरच्या जमिनीवर परतला. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, गंगापूर धरणाचा परिसर आणि रात्रीची कडक थंडी (निफाडचा गारठा तर दरवर्षी बातम्यांत झळकतो!), हे सारे वाइनच्या द्राक्षांना मानवेल असा त्यांचा कयास होता. आपल्या सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सल्ल्याला होते. सामंत यांच्या आईचे नाव सुलभा, त्यावरून 'सुला'. त्यांची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली.

सुलाने सुरुवात केली ती सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या जातींनी. पुढे झिनफांडेल, शिराझ, काबर्ने सोविन्यों अशा जाती आल्या. आता प्रश्न असा, की आपल्या जेवणाबरोबर हे कसे जमायचे? एक साधा नियम लक्षात ठेवावा. तिखटाबरोबर तुरट लाल वाइन घेतली तर जीभ आणखी भाजते. म्हणून कोथिंबीर वडी, बटाटेवडा किंवा झणझणीत रस्सा असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लां चांगली गार करून घ्यावी. सोविन्यों ब्लां आंबटसर आणि हिरव्या चवीची. लिंबू पिळलेल्या तळलेल्या सुरमईशी तिची छान गट्टी जमते. शिराझला मिरीचा वास असतो, ती मटणाच्या सुक्याबरोबर किंवा खिम्याबरोबर खुलते, फक्त तिखटाचा हात आखडता ठेवावा. वेलीवर जास्त पिकू दिलेल्या शेनिनची गोड वाइन श्रीखंडाबरोबर. अर्थात ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी श्रीखंड तेवढे घ्यावे, काही बिघडत नाही!

पण ही गोष्ट सगळीच गोड नाही. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, सवलती दिल्या आणि अनेक वायनऱ्या उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने वाइनच्या जाती लावल्या. मग 2008 साली जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. कित्येक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या. नारायणगावची ती पहिली मोठी कंपनीही कर्जाखाली दबून गेली. खायचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरीकडे विकता येते, नाहीतर बेदाणा करता येतो. जाड सालीचे, बियांचे द्राक्ष कोण घेणार? आमच्या नात्यातल्या एकांनी तेव्हा तीन वर्षांची बाग कुऱ्हाडीने तोडली. ते आजही त्याविषयी बोलत नाहीत.

त्यातून जे तगले ते पुढे गेले. 2022च्या डिसेंबरात सुलाचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षी जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकायला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा घराघरांत वाद झाले. एक बाजू म्हणे शेतकऱ्याचे भले होईल, दुसरी म्हणे संसार बुडतील. विरोधामुळे तो निर्णय मागे पडला. दोन्ही बाजूंना आपापली माणसे डोळ्यांसमोर होती, हे आपण इतक्या दूर बसून विसरू नये.

तेव्हा मंडळी, कधी नाशिकची बाटली हाती आली, तर घोट घ्या अथवा घेऊ नका, पण लेबलावरचे गावाचे नाव जरूर वाचा आणि मुलांनाही नकाशात दाखवा. बाबांनी त्या दिवशी नापाला एक थेंबही घेतला नाही. निघताना मात्र वाटेतल्या एका वेलीचे खोड हाताने चाचपले, काड्या मोजल्या आणि म्हणाले, "छाटणी बरी केलीय हो या लोकांनी!"